परराष्ट्र धोरणातून ‘स्त्रीवादी’ शब्द काढला, तर काय बदलतं?

स्वीडनने २०१४ मध्ये जगातलं पहिलं ‘स्त्रीवादी परराष्ट्र धोरण’ जाहीर केलं. २०२२ मध्ये नव्या सरकारने हे नाव सोडलं. समानतेचं मूल्य मात्र कायम आहे, असं सरकारने सांगितलं.

मग फरक काय? कॅनडाच्या २०१७ च्या धोरणात लेखी उद्दिष्ट होतं: २०२१-२२ पर्यंत द्विपक्षीय विकास मदतीपैकी किमान ९५ टक्के निधी स्त्री-पुरुष समानतेशी जोडलेला असेल. आकडा असला की जाब विचारता येतो. नुसत्या ‘मूल्या’चा हिशोब कसा मागणार?

पण १९८४ मध्ये बंगळुरूतल्या बैठकीतून उभ्या राहिलेल्या ‘डॉन’ या स्त्रीवादी गटाचा प्रश्न त्याहून मूलभूत होता: महिलांना विकासात सामील करायचं, पण हा विकास कसला? त्याचं उत्तर ९५ टक्क्यांतही नव्हतं.