न दुखणारी सूज

घरात कोणाची दाढ ठणकू लागली की सारे घर जागे होते. पण खालचा जबडा एका बाजूने हळूहळू फुगत असेल आणि वेदना मुळीच नसेल, तर आपण महिनोन्‌महिने स्वस्थ बसतो. दुखत नाही, त्या अर्थी भिण्याचे कारण नाही, हा समज पुढे महागात पडतो.

जबड्यात क्वचित होणाऱ्या एका गाठीस अमेलोब्लास्टोमा म्हणतात. दाताचे कठीण कवच घडविणाऱ्या पेशींच्या कुळातून ती उद्भवते आणि बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या बाजूस वाढते. सामान्यतः ती शरीरात इतरत्र पसरत नाही, म्हणून वैद्यकशास्त्र तिला सौम्य म्हणते. परंतु जागच्या जागी ती हाड पोखरीत जाते. दात हलू लागतात, चेहरा बेढब होतो. अशा वेळी नुसता दात उपटून काहीच साधत नाही.

क्ष-किरण चित्रात पुष्कळदा साबणाच्या फेसासारख्या पोकळ्या दिसतात. सीटी स्कॅनवरून गाठीचा विस्तार कळतो. तथापि इतर काही गाठीही अशाच दिसतात. म्हणून गाठीचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून निदान पक्के मानू नये.

उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा. एकाच पोकळीच्या काही गाठींना मर्यादित शस्त्रक्रिया पुरते. एरवी गाठ नुसती खरवडून काढली, तर तिच्या पेशी हाडात मागे राहतात आणि ती पुन्हा उद्भवण्याचा संभव मोठा असतो. यास्तव सभोवतालचे १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. “जबडा कापावा लागेल” हे शब्द ऐकून रुग्ण घरी परततो, आणि नेमकी तिथेच चूक होते. नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह घेऊन नवा जबडा घडविता येतो. शरीराचा भार मुख्यतः नडगीवर असल्याने रुग्ण पुन्हा चालू लागतो. पुढे अनेकांना कृत्रिम दातही बसविता येतात. गाठ लहान असतानाच आलात, तर काढावे लागणारे हाडही थोडे.

ही गाठ १० वर्षांनंतरही परतल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा बरे वाटले तरी ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत. आणि जबड्याची कोणतीही सूज दोन आठवड्यांत ओसरली नाही, तर ती दंतवैद्यास अवश्य दाखवावी. ती दुखण्याची वाट पाहू नये.