आपल्याच घरांत परकें

गेल्या श्रावणांत एका संध्याकाळीं आमच्या धाकट्या बंधूंची कन्या वाड्याच्या जिन्यावर एकटीच बसलेली आढळली. यंदा ती बारावीस आहे. "काय झालें बाळ?" म्हणून विचारतां ती हलकेच म्हणाली, "अण्णाकाका, हे हात माझेच आहेत हें मला कळतें, पण ते माझे वाटत नाहींत. आईचें बोलणें कांचेपलीकडून ऐकूं येतें. मला वेड तर लागत नाहीं ना?"

वाचकहो, आम्ही चमकलों; कारण हाच प्रश्न आम्हीं तीस वर्षें मनांत दडवून ठेविला होता. वर्गांत सुभाषित समजावून देत असतां एकाएकीं आमचाच आवाज दुसऱ्या कोणाचा वाटावा, समोरचीं मुलें चित्रांतल्यासारखीं सपाट दिसावीं, असें आम्हांस अनेकदां झालें. अशा वेळीं आम्ही एखाद्या विद्यार्थ्यास 'देव' शब्द साती विभक्तींत चालवावयास सांगत असूं आणि टाचा जमिनीवर घट्ट रोवून त्याच्याबरोबर मनांत रूपें म्हणत असूं. मुलें ती आमची शिस्त समजत. वस्तुतः तो आमचा आसरा होता.

ह्या अनुभवास वैद्यकांत दोन नांवें आहेत. स्वतःचें शरीर वा विचार परके वाटणें म्हणजे डीपर्सनलायझेशन, आणि भोंवतालचें जग खोटें वाटणें म्हणजे डीरिअलायझेशन. पहिला शब्द १८९८ सालीं दुगास नामक फ्रेंच पंडितानें रूढ केला. तो त्यास जिनीव्हाच्या आमिएल ह्या प्राध्यापकाच्या रोजनिशींत सांपडला. आमिएल १८८१ सालीं वारला. त्याची रोजनिशी सुमारें १७,००० पृष्ठांची होती; जगास ती त्याच्या मृत्यूनंतरच कळली. म्हणजे लपविणारे शिक्षक आम्ही एकटेच नव्हतों.

सुमारें निम्म्या प्रौढ माणसांस आयुष्यांत एकदां तरी असा क्षणिक अनुभव येतो. टिकून राहणारा विकार मात्र शेंकडा एक-दोघांसच जडतो. जागरण, चिंता, भीतीचा झटका, मनावरील आघात, गांजा व भांग हीं त्याचीं नेहमींचीं निमित्तें. मुख्य गोष्ट ही कीं, ह्यांत विवेक शाबूत असतो. 'वाटतें' आणि 'आहे' यांतला भेद त्या मनुष्यास कळतो. भ्रम झालेल्यास तोच कळत नाहीं.

आमच्या घरीं मात्र तीन मतें झालीं. मातोश्रींनीं मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढली. बंधूंस अभ्यासाची टाळाटाळ दिसली. एका विद्वान् पाहुण्यांनीं तर "हा साक्षीभाव, पूर्वपुण्याई आहे" म्हणून मुलीचें कौतुक केलें. ह्या तिसऱ्या मताचें आम्हांस अधिक भय वाटतें. नाशिकजवळ टाकळीस समर्थ रामदासांनीं बारा वर्षें तपश्चर्या केली असें परंपरा सांगते. पण तें वैराग्य त्यांनीं स्वेच्छेनें स्वीकारिलें होतें. साक्षीभावांत मन निवतें. येथें पोर भयानें कांपते. न मागतां आलेल्या परकेपणास अध्यात्माचें नांव देणें म्हणजे तापास तेज म्हणणें होय.

चारचौघांत असा प्रसंग आल्यास कोणास न कळतां करण्याजोगे उपाय आहेत. टाचा जमिनीस दाबाव्या. थंड पाण्याचा पेला हातांत धरावा. दिसणाऱ्या पांच वस्तूंचीं व ऐकूं येणाऱ्या तीन आवाजांचीं नांवें मनांत घ्यावीं. श्वास सावकाश सोडावा. हातांतलें काम सोडूं नये, हळू करावें. वाहन चालवीत असल्यास मात्र तें बाजूस घेऊन थांबावें. 'मी खरा आहें ना?' अशी आरशांत वारंवार परीक्षा पाहूं नये. त्यानें भय वाढतें. झोंप पुरी घ्यावी.

हें वारंवार होत असेल, दिवसचे दिवस टिकत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा डोक्यास मार लागल्यावर सुरू झालें असेल, तर डॉक्टरांकडे जावेंच; अपस्मार व अर्धशिशी यांतही असें होऊं शकतें. ह्यावर हुकमी असें एकच औषध नाहीं. परंतु तज्ज्ञांशीं बोलून होणाऱ्या उपचारांनीं व सोबतच्या चिंतेवर इलाज केल्यानें पुष्कळांस उतार पडतो. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलि-मानस ह्या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें विनामूल्य सल्ला मिळतो.

वहिनींची काळजी निराळी होती : उद्यां स्थळें पाहावयाचीं, तेव्हां ही गोष्ट बाहेर जाऊं नये. ती काळजी आम्ही समजूं शकतों. येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत बसण्याचें कारण नाहीं. पण घरांतील एका वडील माणसास व डॉक्टरांस तरी सांगितलेंच पाहिजे. चारचौघांत झांकणें ही मर्यादा झाली. घरांतही एकट्यानें सोसणें ही केवळ शिक्षा.

त्या संध्याकाळीं जिन्यावर बसून आम्हीं तिला आमची हकीकत सांगितली. तोंवर ती गंभीर होती. 'देव' शब्दाचें गुपित ऐकून मात्र खुदकन् हंसली. रात्रीं पत्नीसही सर्व सांगितलें. ती म्हणाली, "अहो, जेवतां जेवतां ताटाकडे पाहत थांबत होतां, तें हेंच ना? मी तेव्हां मुद्दाम आणखी वाढीत असें."

तीस वर्षें आम्ही समजत होतों, कोणासच ठाऊक नाहीं!