साठ-बासष्टचा हिशेब

आयपीएल सुरू झालं की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या छाप्यांच्या बातम्या ठरलेल्या असतात. कॅम्पातल्या एखाद्या इमारतीतला भाड्याचा फ्लॅट, मोबाइलची रांग, लॅपटॉप, हिशेबाची वही आणि दोन-तीन पोरं ताब्यात. गुन्हा बहुतेक वेळा 1887 सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदला जातो. पोलिसांनी धाडी घालाव्यातच. पण सट्टा लावणारा पोरगा ज्या भ्रमापायी पैसे लावतो, त्या भ्रमाला धाडीने धक्का लागत नाही. बुकी सामन्याचं भाकीत करतो आणि क्रिकेट आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, हा तो भ्रम.

बुकीचं पहिलं लक्ष पैसा कुठल्या बाजूला किती येईल याकडे असतं. समजा, मुंबई फेव्हरिट आहे आणि भाव आहे साठ-बासष्ट. मुंबईवर दहा हजार लावले आणि ती जिंकली, तर सहा हजार मिळतात. हरली तर दहा हजार जातात. याला लगाई म्हणतात. दुसऱ्याने तेच दहा हजार खाल्ले, म्हणजे मुंबई हरेल असं धरलं, तर मुंबई हरल्यावर त्याला दहा हजार मिळतात आणि जिंकल्यावर 6,200 द्यावे लागतात. आता बुकीच्या खुर्चीत बसून बघा. मुंबई हरली, तर एकाचे दहा हजार दुसऱ्याकडे गेले. याच्या खिशाला तोशीस नाही. जिंकली, तर 6,200 आले, 6,000 गेले, दोनशे उरले. अशी शेकडो गिऱ्हाइकं आणि रोजचे सामने धरले की धंद्याचं गणित उलगडतं.

त्याला काळजी एकच असते, दोन्ही बाजूंचा पैसा तोलून राहावा. आपल्या भागात मुंबईवर जीव टाकणारे जास्त. त्यांचा पैसा एका अंगाला ओसंडू लागला की तो साठचा भाव पंचावन्नवर आणतो. मैदानावर अजून नाणेफेकही झालेली नसते. आपल्या लाडक्या संघावर पैसे लावणाऱ्याला भाव पडलेला मिळतो, तो त्याच्यासारख्यांच्याच गर्दीमुळे. तरीही एका बाजूचा बोजा उरलाच, तर बुकी तो वरच्या बुकीकडे कटिंग करून टाकतो. सगळी जोखीम अंगावर घेऊन बसणारा बुकी या धंद्यात फार दिवस टिकत नाही.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे बुकी हेच काम गुणांच्या फरकाने करतात. तगड्या विद्यापीठाच्या संघाने निव्वळ जिंकून भागत नाही, सातपेक्षा जास्त गुणांनी जिंकलं पाहिजे, अशी अट घातली की दुबळ्या संघावरही पैसा येतो आणि पारडी सारखी होतात. पैसा एकीकडे झुकला की सातचे साडेसात होतात. शंभर डॉलर जिंकायला तिथे साधारणपणे 110 लावावे लागतात. वरचे दहा ही बुकीची कमाई. 1940 च्या दशकात ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय शिकागोच्या चार्ल्स मॅकनीलला दिलं जातं. तो गणिताचा शिक्षक होता.

आपल्याकडे या पद्धतीच्या सर्वांत जवळ जातं ते सेशन, आणि पोरं सर्वाधिक बुडतात तीही त्यातच. सहा षटकांत किती धावा? भाव येतो 48-49. 'येस' म्हणणाऱ्याला 49 किंवा जास्त धावा हव्यात, 'नॉट' म्हणणाऱ्याला 48 च्या आत. नेमक्या 48 झाल्या तर? दोघेही हरतात, दोघांचे पैसे बुकीकडे. अमेरिकेत सातची अट असताना फरक बरोबर सातचाच निघाला, तर लावलेले पैसे परत मिळतात. इथे मधली धाव बुकीची असते. सहा षटकांचं सेशन, दहाचं, पंधराचं, वीसचं असं करत एका डावात ही फट चार-चारदा उघडते.

त्यात भर मोबाइलवरच्या प्रक्षेपणाची. बदलापूर लोकलमध्ये दाराशी उभा राहून जो मुलगा 'लाइव्ह' सामना बघतो, त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचतो काही सेकंद उशिराने. षटकार बसल्याचं त्याला दिसेपर्यंत भाव बंद होऊन नवा भाव लागलेलाही असतो. त्याचं क्रिकेटचं ज्ञान खरं असेल, पण ते शिळ्या चेंडूवर चाललेलं असतं.

मटक्यात निदान एवढी लपवाछपवी नव्हती. कल्याणजी भगत यांनी 1962 साली आणि रतन खत्री यांनी 1964 साली सुरू केलेल्या मटक्याने गिरणगावातली अनेक घरं धुळीला मिळवली, त्याचं कौतुक आम्हाला नाही. पण आकडे दहा आणि सिंगलला, म्हणजे एका आकड्याला, रुपयाला नऊ, एवढं सगळ्यांना पाठ असायचं. आपल्या रुपयातले दहा पैसे कुठे जातात हे न शिकलेल्या गिरणी कामगारालाही कळत होतं. आज बी.कॉम. करणाऱ्या मुलाला साठ-बासष्टमधले दोन पैसे दिसत नाहीत. ते दिसत नाहीत, म्हणूनच तो हरल्यावर नशिबाला बोल लावतो आणि पुन्हा खेळतो.

सट्टा कायदेशीर करावा, असं लोढा समितीने 2016 मध्ये सुचवलं होतं. विधी आयोगाने 2018 मध्ये त्यावर अहवाल दिला. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने उलट दिशा धरली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आम्हाला बंदी योग्य वाटते, कारण हा खेळ उधारीवर चालतो. सट्ट्याच्या ॲपचा आयडी फुकट मिळतो, खिशात दमडी नसताना पन्नास हजारांचं क्रेडिट मिळतं आणि सोमवारी वलण, म्हणजे हिशेब चुकता करायची वेळ, आलं की दारात माणसं उभी राहतात. जीन्सच्या कारखान्यात किंवा आनंदनगर एमआयडीसीत राबणाऱ्या पोराला हे देणं महिन्याच्या पगारातून कधीच फिटत नाही.

तेव्हा या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी आयपीएलच्या आधी एक तास काढून हा हिशेब फळ्यावर मांडावा. 'जुगार वाईट' हे पोरांनी शंभरदा ऐकलं आहे. 48 धावा झाल्या तर दोघेही हरतात, हे कुणी सांगितलेलं नाही. आणि पोलिसांनी एक गोष्ट प्रत्येक ठाण्याच्या दारावर मराठी, हिंदी, सिंधीत लिहून लावावी. 2025 च्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. वसुलीला येणारे 'पोलिसांत गेलास तर तूच आत जाशील' अशी धमकी देतात, आणि आईबाप त्या एका वाक्याला भिऊन पतपेढीतली ठेव मोडतात.