ओहोटीचं गणित

मैत्रिणींनो, मुलांना अलिबागचा कुलाबा किल्ला दाखवायचाय? ओहोटीला पायी जाता येतं. पण आधी पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला भरती ३ वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी ९ च्या सुमारास. आठला निघा, दहाच्या आत परता. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आणि भर समुद्रातली गोड्या पाण्याची विहीर पाहून मुलं हरखतात.

एकदा आम्ही किल्ल्यात डबा खात रेंगाळलो, अन् धाकटीला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यातून परतलो! आता डबा उघडतो तो किनाऱ्यावरच.

अष्टमीच्या आसपास पाणी पुरतं ओसरत नाही. म्हणून गणित जमलं, तरी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारूनच पाऊल टाका. पावसाळ्यात तर नकोच.