झाडावर चढणारा हात अकुशल कसा?

ज्येष्ठ लागला की बदलापूर स्थानकाच्या बाहेर जांभळांच्या पाट्या मांडल्या जातात. या जांभळाला अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहराला त्याचा रास्त अभिमान वाटू लागला. परंतु हे फळ पाटीत येते कसे, याचा विचार सहसा होत नाही. जांभळाचे लाकूड ठिसूळ. फांदी कोठवर भार सोसेल, पाय कोठे ठेवावा, ओल्या सालीवरून कसे उतरावे, हे ज्याला कळते तोच शेंड्यापर्यंत पोहोचतो. हे ज्ञान आजूबाजूच्या पाड्यांतील ठाकूर आणि कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले आहे. याच सुमारास मुंबई परिसरातील प्रत्येक वाढत्या उपनगरात पावसाळ्यापूर्वीची वृक्षछाटणी चालू असते आणि तेथेही पुष्कळदा असेच हात कुऱ्हाड वा यांत्रिक करवत घेऊन वर चढतात. हजेरीपटावर मात्र त्यांच्या नावापुढे ‘बिगारी’ असे लिहिले जाते. ज्या कामात एक पाऊल चुकले तर प्राण जातो, त्या कामाला अकुशल ठरवणारी ही व्यवस्था तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

मांजर्लीसारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो. उल्हास नदीच्या काठचे हे एके काळचे खेडे आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील दाट वस्ती झाले आहे. एका बाजूला वाढणाऱ्या इमारती, दुसऱ्या बाजूला जुनी आंबा-जांभळाची झाडे, आणि थोडे पुढे गेले की बारवी धरणाच्या परिसरातील जंगल. येथून काही मैलांवर अंबरनाथ आहे. आयुधनिर्माणी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्यामुळे त्या गावात फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या पिढ्या घडल्या. गिरणी-कारखान्यांच्या या पट्ट्यात ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द घराघरांत माहीत आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अशा तरुणाला काही गोष्टी दिल्या: शिकण्याची ठरावीक मुदत, विद्यावेतन, परीक्षा, प्रमाणपत्र आणि त्यानंतर ‘कारागीर’ म्हणून ओळख. लोखंड कापणाऱ्या हाताला ही शिडी मिळाली. झाड कापणाऱ्या, छाटणाऱ्या, लावणाऱ्या आणि वाचवणाऱ्या हाताला ती का मिळू नये?

हे केवळ विस्मरणाने घडलेले नाही. लाकडाचा धंदा या जिल्ह्यात प्रथमपासून कंत्राटदाराच्या हाती राहिला. जंगलातील कूप लिलावाने घ्यायचा, आदिवासी मजुरांकडून तो तोडून घ्यायचा आणि मजुरी आपल्या मर्जीने ठरवायची, ही ठाण्याच्या जंगलातील जुनी रीत. 1945 पासून किसान सभेच्या नेतृत्वाखाली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्यासह वारली उठले, ते वेठबिगारीविरुद्ध. पण त्या लढ्यात गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्नही तितकाच मोलाचा होता. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने 1947 पासून जंगल कामगार सहकारी सोसायट्यांना कूप देण्यास सुरुवात केली. कंत्राटदाराला दूर करून तोडणाऱ्यालाच मालकीचा वाटा देण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो अर्थपूर्ण होता. अनेक ठिकाणी जुना कंत्राटदार मागच्या दाराने पुन्हा आत शिरला, हेही खरे. परंतु या सोसायट्यांनी मजुराला हिशेब शिकवला, सभासदत्व दिले. कारागिराचा दर्जा मात्र त्याही देऊ शकल्या नाहीत. अंबरनाथच्या विमको कारखान्यात आगपेट्या तयार होत असत. आगपेटीच्या काड्यांचे लाकूड सावरीसारख्या झाडांचे. कारखान्याच्या दाराच्या आत असलेला मनुष्य कामगार म्हणवला गेला, संघटित झाला, पगारपत्रक मागू लागला. जंगलात सावर तोडणारा मात्र मजूरच राहिला. उत्पादनाची साखळी एकच, परंतु तिच्या एका टोकाला हक्क आणि दुसऱ्या टोकाला केवळ रोजंदारी.

शासनाने वनशिक्षण दिले नाही असे नव्हे. 1878 मध्ये डेहराडून येथे वनशाळा निघाली. महाराष्ट्रातही वनरक्षक व वनपालांसाठी प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांतली एक याच ठाणे जिल्ह्यात शहापूरला आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी मिळते. पण ही सारी शिडी गणवेशधारी रक्षकापासून वर जाते. रक्षकाच्या खाली उभा असलेला, रोपवाटिकेत पिशव्या भरणारा, खड्डे खणणारा, वणवा विझवणारा, वाळलेली झाडे पाडणारा वनमजूर या शिडीच्या पहिल्या पायरीलाही स्पर्श करीत नाही. त्याच्यासाठी शाळा नाही, कारण त्याच्याजवळ विद्या आहे हेच मान्य केलेले नाही.

वनमजुरांच्या लढ्याने एक मोठी गोष्ट मिळवली आहे. पुण्याच्या पाचगाव पर्वतीच्या वनीकरण योजनेवरील मजुरांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1995 च्या डिसेंबरात न्यायालयाने निर्वाळा दिला की असे काम करणारे वनखाते हे औद्योगिक कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ आहे, आणि मजुरांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित करणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. पुढे 1996 व 2012 या वर्षी राज्य शासनाने हजारो वनमजुरांना सेवेत कायम केले. या विजयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. कायमपणा मिळाला तो दीर्घ सेवेच्या आधारावर, कौशल्याच्या नव्हे. वीस वर्षे राबलेला मजूर कायम झाला, पण त्याच्या मुलाला पुन्हा पहिल्या दिवसापासून बिगारी म्हणूनच उभे राहावे लागते. बापाची विद्या मुलाच्या हातात जाते. तिचा दाम मात्र जात नाही.

शहरातील झाडांची कथा याहून निराळी नाही. महाराष्ट्राने 1975 साली नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, वृक्षगणना, तोडीची परवानगी, दंड या साऱ्यांची तरतूद त्यात झाली. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण दिले. परवानगी कोणी मागावी, कोणी द्यावी, हरकत कोणी घ्यावी, हे सारे लिहिले गेले. परंतु प्रत्यक्ष झाडावर चढणाऱ्या माणसाला काय आले पाहिजे, याची चिंता कोठेही मध्यवर्ती झाली नाही. परिणाम डोळ्यांपुढे आहे. कंत्राट सर्वांत कमी दराला जाते. कंत्राटदार नाक्यावरून माणसे उचलतो. संध्याकाळपर्यंत अमुक इतकी झाडे उरकायची असतात.

वस्तुतः या कामात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जड फांदी एका घावात तोडली तर ती आपल्या भाराने खोडाची साल उभी सोलून नेते. म्हणून प्रथम खालून थोडा छेद, मग त्यापुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेर कापायचा, असा तीन टप्प्यांचा क्रम पाळावा लागतो. तो फुगवटा शाबूत राहिला तर झाड स्वतःची जखम भरून काढते. तो कापला गेला तर तेथून कूज खोडात शिरते. शेंडा सरसकट उडवला की झाड झुडपासारखे फुटते, पण त्या नव्या फांद्यांचा जोड कच्चा असतो आणि काही वर्षांनी त्याच वादळात मोडून पडतात. एकाच बाजूने छाटलेल्या झाडाचा तोल जातो. बुंध्याला लागून सिमेंट ओतले की मुळे गुदमरतात. दिल्लीतील झाडांच्या संदर्भात राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. याशिवाय दोर कसा बांधावा, विजेच्या तारांजवळ केव्हा काम थांबवावे, यांत्रिक करवत उसळते ती का, खाली उभ्या माणसाने कोठे उभे राहावे, हे सारे वेगळेच. पावसाळ्यात झाड पडून माणूस दगावला की दैवाला दोष दिला जातो. त्या दैवात अडाणी छाटणीचा वाटा किती असतो, हे कोणी मोजत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आदिवासी तरुणाला झाडावर चढायला शिकवायचे म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखे आहे, असे म्हटले जाते. हे कौतुक वरकरणी गोड, पण त्याचा व्यवहारातील अर्थ इतकाच की जे त्याला येते त्याचे वेगळे पैसे देण्याची गरज नाही. सुताराच्या मुलालाही रंधा येतो. म्हणून सुतारकामाचा अभ्यासक्रम कोणी बंद केला नाही. उमेदवारीचा हेतू अंगच्या कसबाला शास्त्राची जोड देणे आणि त्या दोहोंना मिळून मान्यता व वेतनश्रेणी मिळवून देणे हा असतो. दुसरा आक्षेप पैशाचा. परंतु नागरिकांच्या मालमत्ता कराच्या देयकात वृक्षकर म्हणून रक्कम घेतली जाते, ती झाडांसाठीच आहे. झाडे सांभाळणारी माणसे घडवणे हा झाडांवरचाच खर्च आहे.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नव्हे, सावधगिरीची आहे, आणि ती चळवळीनेच उच्चारली पाहिजे. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या 18 व्या कलमानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. या पळवाटेने अनेक उद्योगांत उमेदवारी म्हणजे स्वस्त मजुरीचे दुसरे नाव झाले आहे. वर्ष संपले की जुनी तुकडी बाहेर, नवी आत. वृक्षकामातही हेच होणार असेल तर बिगाऱ्याच्या जागी ‘प्रशिक्षणार्थी’ हा सुसंस्कृत शब्द येईल, इतकेच. म्हणून मागणी केवळ ‘प्रशिक्षण द्या’ अशी भाबडी असून चालणार नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक मालकाने, उमेदवारी पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याविषयी आपले धोरण ठरवणे अपेक्षित आहे. ते धोरण काय असावे, यासाठी लढता येते. इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे; ती कंत्राटदाराच्या आड लपू देता कामा नये.

जगात याचे दाखले आहेत. जर्मनीत जंगलकामगार होण्यासाठी तीन वर्षांची मान्यताप्राप्त उमेदवारी असते. काही शिक्षण कामावर, काही शाळेत, आणि तेथे या कामगारांची संघटना वेतनाचे करार करते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1998 मध्ये जंगलकामातील सुरक्षिततेची संहिता प्रसिद्ध केली. प्रशिक्षण व कौशल्याची खातरजमा हा तिचा गाभा आहे. तेथील शिक्षण जसेच्या तसे येथे आणावे असे नाही. पण झाडावरचे काम हा एक पूर्ण व्यवसाय आहे, एवढे तरी त्यावरून निर्विवाद ठरते.

मांजर्लीच्या परिसरात याची सुरुवात अशक्य नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या तिन्ही नागरी संस्थांना झाडे आहेत, पूररेषेतला नदीकाठ आहे आणि दर वर्षी छाटणीचा खर्च आहे. अंबरनाथला प्रशिक्षण संस्था आहे, शहापूरला वनखात्याची शाळा आहे. तिघींनी मिळून दरसाल मोजके उमेदवार घ्यावेत. पावसाळ्यात लागवड आणि पडझडीचे काम, हिवाळ्यात बी गोळा करणे व रोपवाटिका, उन्हाळ्यात वणव्यावर लक्ष आणि छाटणी, असा वर्षाचा अभ्यासक्रम निसर्गानेच आखून दिला आहे. वय 18 हून कमी नसावे. परंतु दहावी-बारावीच्या अटीने पाड्यांवरचा तरुण दाराबाहेरच राहील अशी योजना नको. पाड्यांतील जुन्या जाणत्या माणसांना मानधन देऊन शिक्षक नेमावे. वर्गात खडू धरता येत नाही म्हणून त्यांची विद्या कमी ठरत नाही. आणि उमेदवारी संपल्यावर छाटणीचे कंत्राट रद्द करून ते काम या कारागिरांकडे, नगरपरिषदेच्या सेवेत वा त्यांच्याच सहकारी संस्थेमार्फत, सोपवावे.

कार्यकर्त्यांनी आरंभ छोट्या गोष्टीपासून करावा. आपल्या प्रभागात छाटणी चालू असेल तेथे जाऊन झाडावरच्या माणसाला खाली उतरल्यावर चार प्रश्न विचारावेत: रोज किती मिळतो, सुरक्षा पट्टा कोणी दिला, विमा आहे काय, हे काम कोणाकडून शिकलास. ही उत्तरे लिहून वृक्ष प्राधिकरणाच्या बैठकीपुढे ठेवावीत. झाडे वाचवा अशी घोषणा शहरात पुष्कळ ऐकू येते आणि ती योग्यच आहे. तिच्याबरोबर झाडावरच्या माणसाचीही मागणी उठेल, तेव्हाच तिला श्रमिकांच्या वस्तीत अर्थ प्राप्त होईल.