चिकटपट्टीखालची त्वचा

हृदयाची स्पंदने २४ ते ४८ तास अखंड नोंदवणाऱ्या होल्टर यंत्राचे माहात्म्य कोणीही मान्य करील. परंतु ज्या चिकट इलेक्ट्रोडांवाटे ते संदेश येतात, त्यांच्याखालील त्वचेची विचारपूस करण्याची तसदी क्वचितच घेतली जाते, ही हयगय क्षम्य मानता येणार नाही.

पट्टी काढल्यावर काही काळ राहणारी लाली बहुधा निरुपद्रवी असते. मात्र चिकटद्रव्यातील ॲक्रिलेटसारख्या रसायनांची ज्याला ॲलर्जी आहे, त्याला खाज, पुरळ व फोड यांचा उपद्रव कित्येकदा एक-दोन दिवसांनी, म्हणजे यंत्र परत केल्यानंतर, सुरू होतो, आणि मग त्याच्या तक्रारीला कोणी वाली उरत नाही. वृद्धांची आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांची त्वचा तर इतकी नाजूक, की पट्टी ओरबाडताच वरचा पापुद्राही तिच्यासवे निघून यावा.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. छातीवरील केस वस्तऱ्याने न काढता कातरावेत, त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी, जेल सुकलेले इलेक्ट्रोड वापरू नयेत, देखरेख दीर्घ असल्यास जागा बदलत जावी, आणि पट्टी सोडवताना त्वचेला दुसऱ्या हाताने आधार देऊन ती सावकाश, त्वचेला समांतर ओढावी. एमआरआयपूर्वी, त्या तपासणीसाठी न बनवलेले इलेक्ट्रोड न चुकता काढावेत, कारण त्यांनी त्वचा भाजू शकते. रुग्णानेही आग होऊ लागताच मुकाट्याने न सोसता परिचारिकेस कळवावे.

औषधांच्या ॲलर्जीप्रमाणेच चिकटपट्टीच्या ॲलर्जीचाही रकाना प्रत्येक केसपेपरावर असावा आणि तो भरल्यावाचून इलेक्ट्रोड लावू नये, असा दंडक रुग्णालयांनी स्वतःहून घालून घ्यावा.