‘एक टाका, विषय संपवा’ म्हणण्याआधी

2025 च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातल्या तीन बातम्या एकत्र ठेवून पाहू. 1 ऑगस्टला ट्रम्प यांनी रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांच्या विधानांवर चिडून दोन आण्विक पाणबुड्या हलवण्याचा हुकूम दिल्याचे जाहीर केले. 6 ऑगस्टला हिरोशिमाला 80 वर्षे झाली. आणि त्याच आठवड्यात पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर अमेरिकेत, टॅम्पामध्ये, ‘आम्ही बुडालो तर अर्धे जग सोबत नेऊ’ अशा अर्थाचे बोलल्याची बातमी आली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने 11 ऑगस्टला त्याचा समाचार घेतला, तो योग्यच होता.

पण आम्हाला काळजी मुनीर यांच्यापेक्षा आपल्या हातातल्या मोबाईलची जास्त आहे. मे महिन्यात, पहलगामनंतर, ‘एक टाका, विषय संपवा’ असे मेसेज कर्जत-खोपोलीच्या किती ग्रुपवर फिरले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. आपल्याकडचे लोक ते वाचून गप्प बसले, कारण काही लिहावे तर देशप्रेमाचा हिशेब मागितला जातो. मात्र आपल्याही मोहल्ल्यात ‘इस्लामी बम’ हा शब्द छाती फुगवून उच्चारणारे चार लोक असतात, हे कबूल केले पाहिजे. जूनमध्ये इस्राएल आणि मग अमेरिकेने इराणवर हल्ले केले, तेव्हा ‘इराणने आतापर्यंत बॉम्ब बनवून ठेवायला पाहिजे होता’ हे वाक्य नववीतल्या पोरांच्या तोंडी आले. ते घरातूनच आलेले असते.

अशा मुलांना आम्ही आधी विज्ञान सांगतो, राजकारण नंतर.

युरेनियमच्या एका अणुकेंद्रावर न्यूट्रॉन आदळला की ते फुटते, ऊर्जा निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रे फोडतात. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ही साखळी पुरी होते. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये सुमारे 64 किलो युरेनियम होते, त्यातले जेमतेम किलोभर फुटले. स्फोट झाला 15,000 टन टीएनटीइतका. दहा टनांचा एक ट्रक धरला तर दीड हजार ट्रक स्फोटके. खोपोलीपासून बोरघाट चढून लोणावळ्यापर्यंत ट्रकला ट्रक लागेल, एवढी रांग. तो बॉम्ब जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला, म्हणजे आपल्या माथेरानच्या उंचीपेक्षाही खाली. वर्ष संपेपर्यंत त्या एका शहरात सुमारे 1,40,000 माणसे गेली. आजच्या अनेक बॉम्बपुढे तो बॉम्ब लहान आहे.

कर्जतवरून तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत येते. 1956 साली ‘अप्सरा’ ही आशियातल्या सुरुवातीच्या अणुभट्ट्यांपैकी एक तिथेच सुरू झाली, आणि 1974 च्या पोखरणच्या स्फोटाचे प्लुटोनियम तिथल्याच ‘सायरस’ भट्टीतून आले. अणुभट्टी बॉम्बसारखी फुटत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते. तिथे कर्करोगावरच्या उपचारांसाठी लागणारी किरणोत्सारी द्रव्येही तयार होतात. भीती युद्धाची आहे. मुंबईवर बॉम्ब पडला तर आपण ‘आतल्या भागातले’ म्हणून सुटणार नाही. पावसाळ्यात वारा समुद्राकडून सह्याद्रीकडे येतो, ढग आपल्याच डोंगरांना अडतात आणि पाऊस इथेच कोसळतो. हिरोशिमात काळा पाऊस पडला होता. तसा पाऊस इथे पडला तर उल्हास, पेज, पाताळगंगा या नद्यांचे आणि मोरबे धरणाचे काय होईल? आपण पितो तेच पाणी खाली नवी मुंबईपर्यंत जाते. आणि सरहद्दीपलीकडेही वेगळे काही नाही. अमृतसर आणि लाहोर यांच्यात अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. तिकडे टाकलेल्याची राख इकडे पडायला व्हिसा लागत नाही.

मदत कोण करणार, हाही प्रश्न आहेच. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. एक छोटी वाडी. एनडीआरएफ आली, स्वयंसेवक आले, आपल्याही जमातीची पोरे जेवण-पाणी घेऊन डोंगर चढली. तरी चार दिवसांनी 27 मृतदेह आणि 57 बेपत्ता या आकड्यावर शोध थांबवावा लागला. हिरोशिमात नव्वद टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका पहिल्याच दिवशी मृत किंवा जखमी होत्या. आपल्याकडे एक्स्प्रेसवेवर मोठा अपघात झाला तरी पेशंट पनवेल-कामोठ्याला न्यावा लागतो. स्फोट तिकडेच झाला तर गाडी कुठे वळवायची? 7 मेच्या मॉक ड्रिलमध्ये सायरन वाजले, दिवे बंद केले. हवाई हल्ल्यासाठी ती सवय चांगली, अणुबॉम्बपुढे तिचा उपयोग फार थोडा.

आता राजकारण. भारताने जानेवारी 2003 मध्ये जाहीर केलेले धोरण आहे: अण्वस्त्र आम्ही आधी वापरणार नाही. पाकिस्तानने असा शब्द कधी दिलेला नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजनाथ सिंह यांनी पोखरणला ‘पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून’ असे म्हटले, तेव्हापासून हा शब्द मोडावा की ठेवावा यावर चर्चा चालू आहे. आमचे मत स्पष्ट आहे, तो ठेवावा. समोरचा शब्द देत नाही म्हणून आपणही द्यायचा नाही, तर संकटाच्या रात्री दोन्ही बाजूंना वाटणार की आपण उशीर केला तर संपलो. सिप्रीच्या 2025 च्या अंदाजाने भारताकडे 180 आणि पाकिस्तानकडे 170 अण्वस्त्रे होती. बॉम्बमुळे युद्ध टळते असे म्हणणाऱ्यांकडे एक मुद्दा नक्की आहे, 1998 नंतर सर्वंकष युद्ध झाले नाही. पण वर्षभरात कारगिल झाले, आणि 2025 मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रे उडाली.

हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत, म्हणजे आपल्याच कर्जतवरून. होमी भाभा त्याच संस्थेचे प्रमुख. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते. 1960 साली पुण्यात रोटरी क्लबपुढे त्यांनी मांडले की भारताला अणूपेक्षा सूर्य परवडेल. ऊन फुकट आहे, गावोगाव आहे, आणि त्यातून बॉम्ब होत नाही. 1962 मध्ये त्यांची त्या संस्थेतली नोकरी संपली. आज कर्जतच्या वाड्यांवर सोलर दिवे दिसतात तेव्हा आम्हाला त्यांची आठवण येते. दोघेही 1966 मध्ये गेले, भाभा जानेवारीत विमान अपघातात, कोसंबी जूनमध्ये.

राहिला ‘इस्लामी बम’. हजरत अबू बकर यांनी सैन्याला दिलेल्या सूचना आपल्या मदरशात लहान मुलेही शिकतात: बाई, मूल, म्हातारा यांना मारू नका, फळझाड तोडू नका. झाडही तोडायची मनाई आणि शहर जाळायचे शस्त्र, हे एकत्र कसे बसवणार? खुद्द इराणने 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे खामेनेई यांच्या अण्वस्त्रविरोधी फतव्याचाच हवाला दिला होता. जगाचा दुटप्पीपणा आम्हालाही दिसतो. नोव्हेंबर 2023 मध्ये इस्राएलच्या एका मंत्र्याने गाझावर अणुबॉम्ब हा ‘एक पर्याय’ असल्याचे म्हटले, आणि शिक्षा काय, तर बैठकांतून निलंबन. इस्राएल अण्वस्त्र प्रसारबंदी करारात नाही, इराण आहे, आणि बॉम्ब पडले ते इराणवर. हा अन्याय आहे. पण त्याच्यावर इलाज म्हणून आणखी एक बॉम्ब मागायचा, तर गाझाच्या मुलांसाठी रडलेले आपले अश्रू कोणत्या तोंडाने पुसायचे?

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तानने 31 डिसेंबर 1988 ला केला. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी दुसऱ्याला देतात. कारगिलनंतर दिली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर दिली, 2025 मध्येही दिली. मे महिन्यात किराना टेकड्यांवर हल्ल्याची अफवा पसरली तेव्हा आपल्या हवाई दलानेच ती फेटाळली. व्यापार बंद, टपाल बंद, सिंधू करार स्थगित. या यादीचा कागद मात्र अजून ये-जा करतो. येत्या 1 जानेवारीला पेपरात ही दोन ओळींची बातमी येते का, ती आपल्या पोरांना शोधायला सांगा.